ताणावरची बाग

ये, बस. त्या पेटीवर नको, तिचा खिळा वर आलाय, पँट फाटेल. ही पालथी क्रेट घे. तुझी शहराची गाडी संध्याकाळची आहे म्हणतोस ना, मग घाई कसली? चहा येतोय. तो संपला तरी संपणार नाही अशी एक गोष्ट सांगतो तुला. मागं विहिरीवरच्या भांडणाचं सांगितलं होतं, ते सोड. तसली भांडणं कुठल्या घरात होत नाहीत? ही गोष्ट एका दुपारची आहे. त्या दुपारी आमचं सगळं घर याच शेडमध्ये बसलं होतं, आणि आता तू बसलायस तिथं साहेब बसला होता.

साहेब म्हणजे माझा धाकटा भाचा. लहानपणी संत्रं स्वतः सोलून खायचा नाही. फोडी करून हातावर ठेवल्या की मग खाणार. म्हणून मीच त्याला साहेब म्हणायला लागलो. पुढं तो शेती खात्यात खराखुरा साहेब झाला. लोक म्हणाले, मामाची वाणी फळली. मी म्हटलं, आधी कळलं असतं तर राजा म्हणालो असतो!

मी या घरचा मामा. बहिणीकडं कलमं बांधायला चार दिवस आलो, तो राहिलोच. दाजी, म्हणजे या पोरांचे आबा, होते तोवर म्हणायचे, झाडांची कलमं मरतील एखाद्या वेळेस, पण हे कलम आमच्या घरावर पक्कं बसलंय. दाजी गेले. कलम बसलंय अजून.

तर ऐक. संत्र्याच्या बागेला ताण देतात हे तुला माहीत नसेल. ताण म्हणजे पाणी तोडायचं. मुद्दाम. झाड आधी मलूल होतं, मग पिवळं पडतं, मग सगळी पानं खाली टाकतं. नुसत्या काटक्या उभ्या. नवखा माणूस बघेल तर म्हणेल, गेली बाग. पण ती गेलेली नसते, आत दम धरून बसलेली असते. मग वेळ बघून पाणी सोडायचं. काय सांगू तुला, आठ-दहा दिवसांत पानांच्या आधी कळ्या दिसतात. झाड तहानेनं कासावीस झाल्याशिवाय फुलत नाही बघ. पण ताण बेतानं द्यावा लागतो. जरा जास्त झाला की झाड खरंच जातं. ती वेळ ओळखायची म्हणजे जीव टांगणीला. आमचा थोरला भाचा त्या दिवसांत नीट जेवत नाही. उठतो, बागेत जातो, नखानं साल खरवडून बघतो, परत येतो.

यंदा त्यानं सांगितलं, झालं, आता पाणी हवं. आणि नेमका त्याच सकाळी पाटकरी आला. कालव्याचं पाणी सोडतो तो. कमरेला गेटाची किल्ली, आणि चालण्यात तोरा. पण त्या दिवशी तोरा नव्हता. बांधावरच थांबला.

म्हणाला, "दादा, यंदा तुमचं पाणी नाही."

थोरला म्हणाला, "नाही म्हणजे? पाळी आहे आमची."

"होती. तुमची बाग मेली ना."

"कुणी सांगितलं?"

"वरून फोटो काढलेत. विमानातून, का त्याच्याही वरून, मला काय माहीत. फोटोत पान दिसलं नाही की बाग मेली. मेल्या बागेला पाणी नाही. झाडं काढून सूर्यफूल लावलं तर पाणी मिळेल. बी फुकट देणारेत."

मी म्हटलं, "थांब रे, मला आधी टोपी घालू दे. वरून माझं टक्कल दिसलं तर मलाही मेलेल्यात धरतील."

कुणी हसलं नाही. थोरल्यानं एक फांदी वाकवली, नखानं साल काढली. आत हिरवीगार. पाटकऱ्याच्या नाकासमोर धरली. "हे काय आहे? मेलेलं हिरवं असतं होय?"

"मला कशाला दाखवता, दादा? मला दिसतंय. त्या फोटोला दाखवा."

तो गेला. थोरला फांदी धरून तसाच उभा राहिला. मग मला म्हणाला, "मामा, साहेबाला बोलवा. मी नाही करणार फोन."

नाहीच करणार. दोघं भाऊ दाजींच्या तेराव्यापासून बोलत नाहीत. ते विहिरीवरचं भांडण तुला माहीतच आहे. फोन मीच केला. साहेब एवढंच म्हणाला, "येतो." कारण विचारलं नाही. तेव्हाच मला खटकायला हवं होतं.

ताईला, म्हणजे माझ्या बहिणीला, पाण्याचं कळलं आणि मुलगा येतोय हेही कळलं. दोन्ही एकदमच. तिचं तोंड कसं झालं असेल, सांग. एका डोळ्यात काळजी, एका डोळ्यात आनंद, आणि आनंद झाला म्हणून स्वतःचीच लाज. तिनं त्याची खोली झाडली. ती खोली रोजच झाडलेली असते. उशीचा अभ्रा बदलला. मग परत बदलला, कारण पहिल्यावर फुलं होती आणि म्हणे मोठा माणूस झालाय तो, फुलं कशाला. मी म्हटलं, ताई, तो राहणार आहे का? मागच्या तिन्ही वेळा चहा घेऊन उभ्या उभ्या गेला. ती म्हणाली, "अभ्रा बदलायला काय जातं?"

दुपारी तो आला. अक्का त्याच्या आधीच आली होती. अक्का ही या भावंडांतली बहीण, शहरात शिवणाचं दुकान चालवते. दात घासतानासुद्धा भांडेल अशी. घरात उकडत होतं म्हणून सगळे इथं शेडमध्ये बसलो. साहेबाचे बूट चकचकीत. ताई त्या बुटांकडंच बघत होती. मला नंतर म्हणाली, त्याच्या बुटाला आपली माती लागलेली बघून किती वर्षं झाली रे.

थोरल्यानं सुरुवात केली. भावाकडं न बघता, माझ्याकडं बघून.

"मामा, साहेबांना विचारा, धान्याचं रान मोडून फळबाग लावा असं कुणी सांगितलं होतं?"

"खात्यानं," साहेब म्हणाला.

"रोपं कुणी दिली?"

"खात्यानं."

"आबांना गाडीत बसवून तो फळबागेचा मेळावा दाखवायला कोण घेऊन गेलं होतं?"

साहेब म्हणाला, "मी."

"आबा म्हणाले, पोरगा म्हणतोय तर लावू. लोक हसले त्यांना. पिकतं रान मोडून काटक्या लावतोय म्हणाले. इतकी वर्षं वाट बघितली, आता कुठं झाडं भरात आली, तर तुमचं खातं म्हणतं काढा. तेलाला भाव आहे, सूर्यफूल लावा. उद्या म्हणाल सूर्यफूल काढा, मासे पाळा!"

मी म्हटलं, "मासे पाळायलाही पाणी लागतं, ते देणार नाहीत."

अक्का फिस्सकन हसली. थोरल्यानं तिच्याकडं असं बघितलं की तिचं हसू जागेवर विरलं.

आता मला वाटलं होतं की थोरल्याची बायको नवऱ्याच्या बाजूनं उभी राहील. मी तिला सूनबाई म्हणतो. शेडचं सगळं तीच बघते, फळ निवडणं, पेट्या भरणं. पण ती हातातला टोपला खाली ठेवून म्हणाली, "मला विचाराल तर लावा सूर्यफूल."

थोरला बघतच राहिला. "अगं, काय बोलतेस?"

"बरोबर बोलतेय. मी या घरात आले तेव्हा या झाडांना मुठीएवढं खोड होतं. उन्हातान्हात घागरी वाहिल्या त्यांच्यासाठी. पहिलं फळ धरलं तर त्या साली बाहेर माल पाठवायला बंदी. दुसऱ्या वेळेला बंदी उठली, तर बाहेरूनच संत्री आणली. दर वेळेला आपण आशा लावतो आणि दर वेळेला वर कुणाच्या तरी डोक्यात दुसरं काही येतं. सूर्यफूल निदान चार महिन्यांत संपतं. त्याच्यावर एवढा जीव तरी लागत नाही."

"वहिनी बरोबर म्हणतायत," साहेब हळूच म्हणाला.

"भाऊजी, तुम्ही माझ्या बाजूनं बोलू नका," ती म्हणाली. "मला तुमची बाजू नकोय."

आता गंमत बघ. थोरल्याला बाग हवी, बायकोला नको. साहेब वहिनीच्या मागं उभा राहायला गेला, तर तिनं त्याला झिडकारलं. आणि अक्का, जी लग्न झाल्यापासून म्हणत होती की विका ती बाग, भावांची कटकट तरी संपेल, ती उभी राहिली.

"एकही झाड तोडायचं नाही. माहेरी येते तेव्हा काय बघायला येते मी? या दोघांची तोंडं? ती काय बघण्यासारखी आहेत?" मग एकदम साहेबाकडं वळली. "मला एक सांग. वर्षाचे बाकीचे दिवस बाग हिरवी असते. हे फोटो नेमके ताणाच्या दिवसांतच कसे निघाले? कुठल्या दीडशहाण्यानं ठरवली ती तारीख?"

साहेब वाकून बुटाची नाडी परत बांधायला लागला.

"बोल ना. तुझ्याच खात्यात असेल कुणीतरी. नाव तर कळू दे. दुकानाच्या दारावर लावते."

"मी ठरवली," साहेब म्हणाला.

अक्का खाली बसली.

तो बोलत होता, पण आवाज त्याचा वाटत नव्हता. म्हणाला, त्या दिवसांत आभाळ साफ असतं. ढग नसतात, धुकं नसतं, फोटो स्वच्छ येतात. समोर सगळे महिने होते, त्यानं त्यावर बोट ठेवलं. सगळ्यांनी माना हलवल्या. बागा मेल्या म्हणून कागद यायला लागले तेव्हासुद्धा त्याला वाटलं, असेल, उन्हाळा कडक आहे. मग एक दिवस त्या यादीत आबांचं नाव दिसलं. रान अजून त्यांच्याच नावावर आहे ना.

थोरला म्हणाला, "आणि ताण?"

"आठवला नाही."

बस. एवढंच. या घरात जन्मलेला माणूस. ही बाग लावायच्या आधी विहिरीवर संत्र्याची चार जुनी झाडं होती, त्यांनाही ताण द्यायचो; हा पाळण्यात होता तेव्हा ताई पाळणा तिथंच टांगायची. ताणाच्या दिवसांत खाली पडलेल्या पानांचा ढीग करून त्यात लपायचा, आणि तो दिसत असूनही आम्ही सगळे त्याला शोधायचो.

ताई मला पुढं म्हणाली, पाणी बंद झाल्याचं ऐकलं तेव्हा मला रडू आलं नाही रे. आठवला नाही म्हणाला तेव्हा आलं. मी मनात दर वर्षी म्हणायचे, आता तिकडं खिडकीत बसून त्याला वाटत असेल, घरी पानं पडली असतील. मी त्याच्या वाटणीचंसुद्धा आठवत बसले होते.

पण तेव्हा तिनं नुसतं पदरानं तोंड पुसल्यासारखं केलं.

अक्कानं मात्र तोंडाचा पट्टा सोडला. खुर्चीला चिकटलास, एसीत मेंदू गोठला, आईला तोंड कसं दाखवतोस, काय काय. साहेब मान खाली घालून ऐकत होता. मला वाटलं थोरला आता त्यात भर घालणार. इतक्या वर्षांचा राग साठलाय, हीच वेळ. तर थोरला म्हणाला, "अक्का, बस झालं."

"काय बस? तुझीच बाग चाललीय!"

"बस म्हटलं ना. तिथं बसून मलाही आठवलं नसतं."

"तुम्हाला आठवलं असतं," सूनबाई म्हणाली. "माझ्या भावाचं लग्न विसरता तुम्ही, ताण नाही विसरत."

थोरला हसला का रडला ते कळलं नाही. तोंड वाकडं झालं एवढं खरं. मग पहिल्यांदा भावाकडं सरळ बघून म्हणाला, "आता काय करता येईल ते सांग."

साहेबानं सांगितलं. चूक वर कळवली तर परत फोटो, परत तपासणी. ते व्हायला महिने जातील.

"झाडं थांबतील का, दादा?"

"चार-पाच दिवस. जास्त नाही."

मग थोरला उठला. त्या कोपऱ्यातली पहार घेतली आणि निघाला. विचारायची गरजच नव्हती. कालव्याच्या गेटाकडं. साहेब त्याच्या मागं धावला, त्या चकचकीत बुटांनिशी. मी त्यांच्या मागं. माझे गुडघे बघतोयस ना, तरी पळालो. बायका बांधापर्यंत आल्या.

गेटावर पाटकरी बसला होता. पहार बघून उभा राहिला. साहेबानं मागून थोरल्याचा हात धरला.

"दादा, ठेव ती. गेट फोडलं तर पाणी कायमचं जाईल."

"आणि नाही फोडलं तर बाग कायमची जाईल!"

"किल्लीनं उघडू." मग पाटकऱ्याला म्हणाला, "उघड. मी सांगतोय."

पाटकरी म्हणाला, "साहेब, तोंडी चालत नाही हो. माझ्या गळ्याशी येईल."

साहेबानं इकडं तिकडं बघितलं. कागद नव्हता. माझ्या हातात पेटीचा पुठ्ठा होता, उन्हाला धरला होता मी डोक्यावर. तो घेतला, कठड्यावर ठेवला आणि लिहायला लागला. थोरला मागून वाचत होता. वाचता वाचता त्याचा चेहरा बदलला.

"हे काय? कालव्याच्या अख्ख्या फाट्याचं पाणी सोडतोयस?"

"हो."

"अरे, फाट्यावर किती बागा आहेत! सगळे उपाशी वाघासारखे बसलेत. आपल्या वाट्याला काय उरेल? आपण टोकाला आहोत."

"अर्ध्या बागेला पुरेल कदाचित."

"कदाचित?" थोरल्याचा आवाज चढला. "आपल्या एकट्याचा दरवाजा उघड. एक रात्र. सगळी बाग वाचेल. कोण बघणार आहे?"

साहेब लिहायचा थांबला. म्हणाला, "दादा, आपलं एकट्याचं सोडलं तर ती चोरी होईल. सगळ्यांचं सोडलं तर ती माझी चूक दुरुस्त होईल. ते सगळे माझ्या बोटानं मेलेत, आपण एकटे नाही."

आणि सही केली.

पाटकऱ्यानं पुठ्ठा हातात घेतला. "साहेब, नोकरी जाईल हो."

"तुझी नाही जाणार. म्हणून तर सही केली."

थोरला कितीतरी वेळ त्या पुठ्ठ्याकडं बघत होता. मला वाटलं आता पहार भावाच्या डोक्यात घालतो. तर त्यानं पहार गवतात टाकली आणि गेटाच्या चाकाला हात घातला. चाक गंजलेलं. पाटकरी आणि तो, दोघांनाही हलेना. साहेब पुढं झाला. तिघांनी जोर लावला तेव्हा कुठं ते किंचाळत फिरलं. साहेबाच्या तळव्याची साल निघाली. मऊ हात ते. थोरल्यानं त्याचा हात उलटा करून बघितला, म्हणाला, "पेनवाला," आणि स्वतःचा रुमाल बांधला. इतक्या वर्षांत या दोघांनी एकमेकांना हात लावलेला मी बघितला नव्हता.

पाणी सुटलं म्हटल्यावर सगळ्या फाट्यावर ओरडाआरडा झाला. लोक फावडी घेऊन पळत सुटले. आमच्याकडं यायला दुसऱ्या दिवसाची सकाळ झाली, आणि आलं ते करंगळीएवढं. थोरल्यानं वरच्या ओळींकडं वळवलं. काय करणार? उतार तिकडून. खालच्या ओळी राहिल्या. त्या दाजींनी पहिल्यांदा लावलेल्या. एका बाजूनं दाजी, एका बाजूनं साहेब, असं दोघांनी धरून लावलेल्या. त्या ओळींना मग कोण पाणी घालत होतं सांग? सूनबाई. सूर्यफूलवाली! डोक्यावर घागर, काखेत कळशी, विहिरीच्या तळाचा गाळ उपसून. मी म्हटलं, सूनबाई, हे काय? म्हणाली, "मामा, बोलू नका. घागर सांडेल."

साहेब मात्र गेट उघडलं त्याच संध्याकाळी गेला. ताई दारात उभी होती. "जेवून जा. निदान आजची रात्र राहा. अभ्रा बदललाय." तिला दुसरं काही सुचलंच नाही बघ. तो तिच्या पाया पडला आणि म्हणाला, "आई, बाग फुलली की येतो. त्याच्या आधी मला इथं झोप लागणार नाही."

त्याला नोकरीवरून घरी बसवलंय आता. चौकशी चालू आहे. इतर बागवाले त्याच्या बाजूनं अर्ज घेऊन गेले होते, बाहेर बसवून ठेवलं त्यांना. तुमच्या त्या शहरात एका खोलीत राहतो. रोज सकाळी फोन करतो, आणि एकच विचारतो, "खालच्या ओळींचं काय?" ताई सांगते, फुलल्या, सगळ्या फुलल्या. तो म्हणतो, "आई, तू औषधसुद्धा गोड आहे म्हणायचीस." अक्का सांगते, त्याला पटत नाही. थोरला फोन हातात घेतो, आणि या माणसाला आयुष्यात कधी खोटं जमलं नाही, म्हणून गप्प बसतो. मग तो गप्पपणा पलीकडं ऐकू जातो.

वरच्या ओळी फुलल्यात. वास येतोय ना? तो त्यांचाच. खालच्यांचं मला विचारू नकोस. मी रोज जातो, रोज मला कुठं तरी कळी दिसते, आणि जवळ गेलो की ती नसते. म्हातारे डोळे, त्यात आशा लागलेली. माझी साक्ष धरू नकोस.

म्हणून म्हणतो, चहा पिऊन झाला की तू जा. तुझा या घराशी काही संबंध नाही, तुला त्या झाडांचं काही वाटत नाही, तेच बरं. शेवटच्या ओळीपर्यंत जा. फांद्या हातात धरून बघ, साल खरवडून बघ. मग शहरात गेल्यावर त्याच्या खोलीवर जा, पत्ता मी देतो. जे दिसलं तेच सांग त्याला. एक फूल जास्त नको, एक कमी नको. आणि सांगून झालं की विचार, वरच्या फुलांवर तुझं भागेल का? भागत असेल तर घरी ये म्हणावं. नसेल भागत, तरी ये म्हणावं.